सुहूर सन, हिजरी चंद्र आणि संगणकावरील तक्ता

मराठी दप्तरांतील कागदांच्या याद्या अलीकडे पुष्कळ संग्राहक संगणकावरील तक्त्यांत, म्हणजे ज्यास स्प्रेडशीट म्हणतात त्यांत, करूं लागले आहेत. सोय मोठी आहे यांत संशय नाहीं. परंतु अशा कांहीं याद्यांत कागदावरील मूळ मिति गाळून रूपांतर केलेली इसवी तारीख तेवढी ठेवलेली आढळते. ती चुकली असेल तर ज्याच्या हातीं कागद नाहीं त्याला ती तपासण्याचें साधनच उरत नाहीं. यास्तव फसगत कोठें होते तें येथें दाखवितों.

पेशवाईंतील पत्रावर बहुधा हिजरी महिना व त्याचा चंद्र असतो. वर्ष मात्र सुहूर सनाचें, अरबी शब्दांत लिहिलेलें. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. हा सन सौर असून सूर्य मृगनक्षत्रीं आला म्हणजे पालटतो. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व तेथून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले कीं इसवी वर्ष येतें. तेव्हां ११६१ म्हणजे जून १७६० ते जून १७६१. पानिपतचा संग्राम शके १६८२ पौष शुद्ध ८ बुधवारीं, १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. त्या दिवशीं सुहूर सन ११६१, तर हिजरी ११७४ चालू होता; अंतर तेरा वर्षांचें. गणितानें त्या दिवशीं ७ जमादिलाखर येतो. आतां कोणी ११६१ हेंच हिजरी वर्ष समजून तक्त्यांत घातलें, तर उत्तर येतें ४ जून १७४८. म्हणजे शाहू महाराजांच्या हयातींतच पानिपत! तक्ता बिचारा विनातक्रार तें मांडतो.

ही चूक ढोबळ म्हणून लौकर कळते. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचें, सुहूर वर्ष ३६५ दिवसांचें. म्हणून एका सुहूर वर्षांत हिजरी महिन्याचे सुमारें दहा-अकरा दिवस दोनदां येतात. ११६१ सालीं हे दिवस सवाल महिन्याच्या उत्तरार्धांत पडले. समजा, एखाद्या पत्रावर ‘छ २५ सवाल, सु॥ इहिदे सितैन’ एवढेंच आहे. तें मंगळवार, १० जून १७६० चें असूं शकेल किंवा शनिवार, ३० मे १७६१ चेंही. पहिल्या दिवशीं भाऊसाहेब फौजेसह उत्तरेंत आहेत. दुसऱ्या दिवशीं पानिपत होऊन साडेचार महिने लोटले आहेत. पत्रांत भाऊंचा उल्लेख असला तर त्याचा अर्थच पालटतो. अशा ठिकाणीं यंत्राचें कांहीं चालत नाहीं. वार, तिथि किंवा मजकूर यांवरूनच निर्णय करावा लागतो. वार असल्यास काम सोपें. पण तो लिहिणारे कारकून थोडे.

आतां तक्त्याच्या तारखेच्या खणाविषयीं. एक्सेलचा काल १ जानेवारी १९०० पासून सुरू होतो. त्यापूर्वीची तारीख तो नुसता मजकूर समजतो. शिवाय कधींच न उगवलेला २९ फेब्रुवारी १९०० हा दिवसही तो मोजतो. लिब्रे ऑफिसच्या कॅल्कला जुन्या तारखा कळतात; मात्र १५ ऑक्टोबर १५८२ पासून तो नवी गणनाच धरतो. सुरत व मुंबईचे इंग्रज तर २ सप्टेंबर १७५२ पर्यंत जुन्या गणनेनें लिहीत. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या गणनेची. नवीनें ती १६ जून होते. वार दोन्हींकडे शनिवारच.

म्हणून आमच्या ज्योतिषांतील अहर्गणाची रीतच धरावी. प्रत्येक मितीचा जूलियन दिनांक साध्या पूर्णांकांत ठेवावा, तारखेच्या खणांत नव्हे. सूत्र असें : हिजरी वर्षास ३५४ नीं गुणावें, वर्षाच्या ११ पटींत ३ मिळवून ३० नीं भागावें व पूर्ण भागाकार घ्यावा, गत महिन्यांचे दिवस (३० व २९ आळीपाळीनें), चालू चंद्र आणि १९४८०८५ हे सर्व मिळवावे. ७ जमादिलाखर ११७४ चे २३६४२६६ येतात. त्यास ७ नीं भागून बाकी ० सोमवार, १ मंगळवार, याप्रमाणें २ उरते, म्हणजे बुधवार.

हें गणित तीस वर्षांत १०६३१ दिवस धरणाऱ्या मध्यम मानाचें आहे. व्यवहारांतला महिना चंद्रदर्शनानें लागे. ढगांमुळें किंवा स्थलभेदानें एका दिवसाचा फरक पडतो. पानिपतच्या दिवशीं चंद्र एक सायंकाळ उशिरा दिसला असें मानल्यास सातऐवजीं सहा येईल. एवढ्या फरकासाठीं कागद बनावट ठरविण्याची घाई करूं नये. दोन दिवसांचा पडला तर मात्र वाचन पुन्हां पाहावें, विशेषतः ‘सबा’ व ‘तिसा’ या शब्दांचें. मोडींत हे शब्द घाईनें लिहिलेले असले म्हणजे जाणत्यासही चकवितात.

रकाने निदान सात असावे : मूळ मिति अक्षरशः, चंद्र, महिना, सुहूर वर्ष, काढलेलें हिजरी वर्ष, जूलियन दिनांक आणि कागदावरील वार. इसवी तारीख त्यांपुढें, आणि ती कोणत्या गणनेची हें त्याच ओळींत. दुहेरी दिवस असेल तेथें दोन्ही दिनांक लिहावे व निर्णय कशावरून केला तें शेऱ्यांत नमूद करावें. निर्णय झाला नसेल तर शेऱ्याची जागा कोरी ठेवावी.