व्यक्तिगत समीकरण : वेधशाळेतील दोष आणि मानसशास्त्रातील प्रश्न

प्रायोगिक मानसशास्त्राचा इतिहास बहुधा १८७९ या वर्षापासून, म्हणजे विल्हेल्म वुंट याने लाइप्झिग येथे स्थापन केलेल्या प्रयोगशाळेपासून सांगितला जातो. तथापि त्या प्रयोगशाळेत आरंभी जे प्रश्न हाती घेण्यात आले, त्यांपैकी एक प्रमुख प्रश्न मूळचा मानसशास्त्राचा नव्हता. तो ज्योतिर्विदांच्या वेधशाळेत उद्भवला होता; आणि तेथे त्याला प्रश्न म्हणून नव्हे, तर एका साहाय्यकाचा दोष म्हणून स्थान मिळाले होते.

अठराव्या शतकात ग्रीनिच येथे ताऱ्याच्या याम्योत्तर-लंघनाची वेळ ‘डोळा-कान’ पद्धतीने घेतली जात असे. दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात उभ्या तारा ताणलेल्या असत. वेधकर्ता घड्याळाचे सेकंदाचे ठोके कानाने मोजी आणि तारा तारेपलीकडे जाण्याच्या आधीच्या व नंतरच्या ठोक्याला तो कोठे होता हे डोळ्याने टिपून सेकंदाचा दशांश अंदाजाने ठरवी. या रीतीने दशांश सेकंदापर्यंत अचूकता साधते, अशी समजूत होती.

राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन याचा साहाय्यक डेव्हिड किनब्रुक याचे वेध १७९५ च्या ऑगस्टपासून मॅस्केलिनच्या वेधांपेक्षा सुमारे अर्ध्या सेकंदाने उशिराचे येऊ लागले. त्याला समज देण्यात आली. परंतु अंतर कमी होण्याऐवजी वाढले आणि १७९६ च्या जानेवारीत ते ०.८ सेकंदावर पोहोचले. पृथ्वीच्या परिवलनाचा हिशेब करता विषुववृत्तावर एवढ्या वेळात सुमारे ३७० मीटरांचे अंतर पडते. तेव्हा मॅस्केलिनची चिंता निराधार नव्हती. किनब्रुक एरवी उद्योगी असल्याचे मान्य करूनही त्याने त्यास कामावरून दूर केले. दोन वेधांत तफावत असता कोणता वेध प्रमाण मानावा, हा प्रश्न येथे विचारलाच गेला नाही. अधिकाराने त्याचे उत्तर आधीच दिले होते.

मॅस्केलिनने ही हकिकत ग्रीनिचच्या वेधसंग्रहात नोंदवून ठेवली, हे मात्र त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय. पुढे ती कोनिग्सबर्गचा ज्योतिर्विद फ्रीड्रिख बेसेल याच्या वाचनात आली. समज मिळूनही प्रयत्नाने जी चूक सुटत नाही, ती निष्काळजीपणातून कशी उद्भवेल, अशी शंका येण्यास येथे जागा होती. बेसेलने अनुभवी ज्योतिर्विदांचे वेध स्वतःच्या वेधांशी ताडून पाहिले. वालबेक आणि तो यांच्यात एक सेकंदाहून अधिक, तर १८२३ मध्ये आर्गेलांडर आणि तो यांच्यात १.२ सेकंदांहून अधिक अंतर आढळले. किनब्रुकच्या ‘दोषा’पेक्षा हे अंतर मोठे होते, आणि येथे दोघांपैकी कोणालाही अकुशल म्हणता येत नव्हते.

या अंतराला पुढे ‘व्यक्तिगत समीकरण’ हे नाव मिळाले. समीकरण म्हणजे येथे बीजगणितातील समीकरण नव्हे. आपल्या ज्योतिषगणितात ज्याला ‘संस्कार’ म्हणतात, तशी ती मूळ संख्येत करावयाची दुरुस्ती होय. परंतु बेसेलच्या तुलनेतून दोन व्यक्तींमधील अंतर तेवढे कळे; खऱ्या क्षणापासून प्रत्येक जण किती दूर आहे, हे कळण्यास मार्ग नव्हता. त्यासाठी ज्याची वेळ अगोदर ज्ञात आहे असा उद्दीपक हवा होता. १८६० नंतरच्या काही वर्षांत न्यूशातेल येथील ज्योतिर्विद आडोल्फ हिर्श याने हिपच्या सूक्ष्म कालमापकाच्या साहाय्याने दृष्टी, श्रवण व स्पर्श यांचे प्रतिक्रियाकाल मोजले. डच शरीरशास्त्रज्ञ डोंडर्स याने १८६८ मध्ये साध्या प्रतिक्रियेचा काल निवडीच्या प्रतिक्रियेतून वजा करून मानसिक क्रियेचा काल काढण्याची पद्धती मांडली. लाइप्झिगमधील आरंभीचे कालमापनाचे प्रयोग याच मार्गाने झाले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बोरिंगच्या १९२९ मधील इतिहासग्रंथामुळे ही कथा सर्वपरिचित झाली. पण ग्रीनिच ते लाइप्झिग अशी सरळ रेषा काढणे युक्त नव्हे. ज्योतिर्विदांना व्यक्तिभेद जाणावयाचा होता तो नाहीसा करण्यासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आलेले विद्युत् कालनोंदणी यंत्र आणि शतकाच्या अखेरचा स्वयंचलित सूक्ष्ममापक ही त्याचीच साधने होत. मानसशास्त्राने तोच भेद जतन करून अभ्यासविषय बनविला. शिवाय वजाबाकीची पद्धतीही निर्विवाद ठरली नाही. कार्यात एक क्रिया वाढविली की उरलेली प्रक्रिया पूर्वीसारखीच राहते असे गृहीत धरता येत नाही, हा आक्षेप क्युल्पे याने १८९३ मध्ये घेतला.

संशोधनपद्धतीच्या दृष्टीने या प्रकरणाचे मर्म दोषांच्या भेदात आहे. यादृच्छिक दोष वेधांची संख्या वाढविल्याने परस्परांना छेदतात. एकाच दिशेचा दोष सरासरीने जात नाही; उलट तो काही सांगत असतो. किनब्रुकच्या वेधांत तो सांगत होता की ज्ञानेंद्रिये आणि अवधान यांना वेळ लागतो, आणि तो वेळ प्रत्येकाचा निराळा असतो. हे मॅस्केलिनच्या वेधांतही होतेच. परंतु त्याचे वेध प्रमाण मानले गेल्यामुळे ते दिसले नाही. ज्याला मापदंड मानले त्याचेही मापन केल्यावाचून निरीक्षकांच्या मतभेदाचा निर्णय शास्त्रीय होत नाही. तो केवळ अधिकाराचा निर्णय राहतो.