शहराचे परसदार

आ कोरुन्या हे नाव आजच्या वाचकांपैकी थोड्यांच्याच कानांवरून गेले असेल. आमच्या वडिलांच्या पिढीस मात्र ते 'कोरुन्ना' ह्या इंग्रजी उच्चाराने चांगले परिचित होते. स्पेनच्या वायव्य टोकावरील ह्या बंदराबाहेर १६ जानेवारी १८०९ रोजी फ्रेंचांशी लढताना सर जॉन मूर हा इंग्रज सेनापती पडला, आणि त्याच्या दफनावर चार्ल्स वुल्फ ह्या आयरिश कवीने केलेली कविता वडिलांच्या शाळेतील इंग्रजी पुस्तकात होती. ती ज्याला तोंडपाठ येत नाही तो मॅट्रिकला बसण्यास लायक नव्हे, अशी त्यांच्या मास्तरांची समजूत असे. वडील ती कविता दिवेलागणीला, परवचा म्हणावा तशी म्हणत. तेव्हा त्या गावी जाण्याचा योग आला त्या वेळी प्रथम मूरसाहेबांच्या थडग्याचे दर्शन घ्यावे, हे ओघानेच आले. थडगे सान कार्लोस नावाच्या बागेत आहे. बाग उंचावर आहे. आणि तेथून खाली बंदराकडे दृष्टी गेली की थडग्याचा विसर पडतो. माझाही पडला.

कारण बंदराच्या काठाने चार-पाच मजली घरांची एक लांबच लांब रांग उभी आहे आणि तिची समुद्राकडची सारी बाजू काचेची आहे. एखाददुसरी खिडकी काचेची, असे नव्हे. प्रत्येक मजल्यावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंतीपुढे आलेली गॅलरी, तिला पांढऱ्या रंगाची लाकडी चौकट, आणि त्या चौकटीत बसवलेली लहान लहान तावदाने. एका घराची गॅलरी संपते तेथे दुसऱ्याची सुरू होते, त्यामुळे सारी रांग म्हणजे एकच काचेचा पडदा वाटतो. ऊन पडले म्हणजे प्रत्येक तावदान आपापल्या कलाने चमकते. ह्या गावाला 'काचेचे नगर' म्हणतात ते ह्यावरूनच.

हे दृश्य मला नवे नव्हते. युरोपातील नगरांचा इतिहास शिकवताना ह्याच रांगेचे एक चित्र मी वीस वर्षे वर्गात दाखवीत आलो आहे. चित्र दाखवून मी म्हणत असे, "पाहा, आपला सावकार वाड्याच्या दिंडीदरवाज्यावर नक्षी कोरवून आपले वैभव गावास दाखवी, तसेच ह्या एकोणिसाव्या शतकातील व्यापारी वर्गाने घराच्या दर्शनी भागावर काच मढवून आपले वैभव समुद्रास दाखवले." वाक्य ऐकावयास बरे होते. मुले ते उतरून घेत. परीक्षेत ज्यांनी ते जसेच्या तसे लिहिले त्यांना मी गुणही दिले आहेत. आज हा लेख लिहितो आहे तो त्या गुणांचे प्रायश्चित्त म्हणून.

माझे उतरण्याचे ठिकाण त्याच रांगेतील एका घरात तिसऱ्या मजल्यावर होते. पेटी ओढीत मी धक्क्याच्या बाजूने त्या घराखाली आलो. तळमजल्यावर कमानींचा ओटा, त्यात उपाहारगृहे. पण वर जाण्याचा जिना कोठे दिसेना. शेवटी एका वाढप्याने हाताने खूण करून मला बोळातून पलीकडे पिटाळले. पलीकडे रिएगो दे आग्वा नावाचा अरुंद रस्ता लागला. त्यावर त्याच घराची दुसरी बाजू होती : दगडी भिंत, लोखंडी कठड्याचे साधे सज्जे, भारदस्त दरवाजा, दाराशी घंटा. वर पोहोचल्यावर मालकीणबाईंना मी माझी फजिती सांगितली. त्या मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, "आपण मागून आलात, पुढची बाजू ही."

म्हणजे ज्याला जग कोरुन्याचे मुख समजते ती कोरुन्याची पाठ आहे.

एवढे कळल्यावर गावाचा नकाशा बोलू लागतो. गाव समुद्रात शिरलेल्या भूशिरावर वसले आहे आणि त्याचा मधला भाग चिंचोळ्या मानेसारखा आहे. मानेच्या वायव्येस ओर्झानचा उपसागर. तिकडून अटलांटिकचा वारा बेफाम येतो. आग्नेयेस शांत बंदर. ह्या मानेवरच्या वस्तीस 'पेस्कादेरिया' म्हणतात, आपल्या भाषेत मासळीवाडा म्हणावा. १५८९ मध्ये इंग्रज सरदार ड्रेक चालून आला तेव्हा हा मासळीवाडा त्याने घेतला. पलीकडचे तटबंदीचे जुने गाव मात्र मारिया पिता ह्या बाईच्या नेतृत्वाखाली नागरिकांनी लढवले आणि राखले. मासळीवाड्यातील प्रतिष्ठित रस्ते आतल्या बाजूस होते. मिरवणुका, दुकाने, लग्नाच्या वराती, पाहुणे, सारे तिकडून. बंदराच्या बाजूस जाळी, होड्या, डांबराचा वास, माशांची घाण. तिकडे कोण तोंड करणार? आपल्या कोकणातही घराचे पुढील दार अंगणाकडे आणि मागील दार विहिरीकडे असते. विहिरीकडच्या बाजूस कोणी नक्षी काढीत नाही.

मग काच पाठीलाच का आली? ह्याचे पहिले कारण हवामान. गालिसिया हा पावसाचा प्रदेश; आपल्यासारखे चार महिने कोसळून मोकळे होणे त्याच्या स्वभावात नाही, तो वर्षभर भुरभुरतो. त्यात घराची पाठ आग्नेयेकडे, म्हणजे उन्हाकडे, आणि ओर्झानच्या वाऱ्यापासून आडोशाला. जे थोडे ऊन मिळते ते ह्याच बाजूस मिळते. काचेतून ऊन आत येते, मागच्या जाड दगडी भिंतीस तापवते, आणि आलेली ऊब काच सहजी बाहेर जाऊ देत नाही. भिंत पूर्वीचीच राहते, तिची दारेही राहतात. गॅलरी ही तिच्यावर घातलेली बंडी होय. हवा हवी तेव्हा तावदानांच्या चौकटी वर सरकवायच्या, थंडी वाजू लागली की खाली ओढायच्या. सारी युक्ती इतकी साधी आहे की तिला शोध म्हणण्यास संकोच वाटतो.

ती कोणाला सुचली ह्याविषयी गावात एक परंपरा आहे. खाडीपलीकडे फेरोल येथे अठराव्या शतकात स्पेनच्या आरमाराची मोठी गोदी उभी राहिली. त्या काळच्या युद्धनौकांच्या पिछाडीस, कप्तानाच्या दालनाबाहेर, काचेच्या खिडक्यांचा सज्जा असे आणि त्यास 'गालेरिया'च म्हणत. तो बांधणारे सुतार सुटीच्या दिवसांत गावातील घरांची कामे करू लागले आणि जहाजाची पाठ घराच्या पाठीस चिकटली, असे सांगतात. दस्तऐवजाचा पुरावा मागणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने अशा गोष्टी सावधपणे घ्याव्यात. पण पातळ लाकडाची ती हलकी बांधणी, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात टिकणारे ते सांधे पाहिले म्हणजे ह्यात जहाजाच्या सुताराचा हात नाही असे म्हणण्याचे धैर्य होत नाही.

जाता जाता एक शब्दविचार. आपण मराठी माणसे बाल्कनीस 'गॅलरी' म्हणतो. कॉलेजात असताना आमचे इंग्रजीचे एक प्राध्यापक ह्यावरून आम्हांस फार हिणवीत. गॅलरी नाटकगृहात असते, चाळीत नव्हे, असे ते म्हणत. कोरुन्यात उघड्या सज्जास 'बालकोन' म्हणतात आणि काचेने बंद केलेल्यास 'गालेरिया'. तेव्हा गिरगावातील चाळकऱ्यांस अगदीच निराधार समजण्याचे कारण नाही.

दुसरे कारण काचेची किंमत. सपाट काच आज आपणास क्षुद्र वाटते. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती माणसाच्या श्वासाने होत असे. कारागीर लांब नळीच्या टोकास वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन फुंकी, झोके देऊन त्याचे लांबट नळकांडे करी. मग त्याची दोन्ही टोके उडवून, उभी चीर देऊन, पुन्हा भट्टीत तापवून ते उलगडीत आणि सपाट करीत. अशी काच फार मोठी करता येत नसे आणि पुरती सपाटही होत नसे. कोरुन्याची तावदाने लहान का, आणि उन्हात प्रत्येकाची चमक निराळी का, ह्याचे उत्तर त्या फुंकरीत आहे. इंग्लंडात तर काचेवर सरकारचाही डोळा होता : खिडक्यांवरील कर १६९६ पासून १८५१ पर्यंत, काचेवरील जकात १७४६ पासून १८४५ पर्यंत. जकात उठली, काच स्वस्त झाली, आणि १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात पॅक्स्टन ह्या एका बागवानाने जवळजवळ तीन लाख तावदानांचा स्फटिकप्रासाद उभा केला. त्यावर ग्रंथच्या ग्रंथ निघाले. तो प्रासाद पुढे दुसरीकडे हलवला आणि १९३६ मध्ये जळून गेला. कोरुन्याच्या गॅलऱ्या त्याच शतकाच्या उत्तरार्धातील. त्या उभ्या आहेत, त्यांत माणसे राहतात, आणि कपडे वाळतात. इतिहासकारांना मात्र कपडे वाळण्याच्या जागेपेक्षा प्रदर्शनाची जागा नेहमीच अधिक मोहात पाडते. मी स्वतःला ह्यातून वगळीत नाही.

पाठीचे मुख झाले ते त्याच उत्तरार्धात. तटबंदी पाडली, समुद्र मागे हटवून जमीन काढली, तीवर उद्यान केले, काठाने रुंद रस्ता आखला. गावात येणारा मनुष्य जहाजातून उतरू लागला तो थेट परसदारी. आणि पाहुण्याने परसदारच प्रथम पाहिले म्हणून तेच दर्शनी ठरले. घराने तोंड फिरवले नाही. पाहणाऱ्याने जागा बदलली.

असे आणखी एक उदाहरण आपल्या देशात आहे. जयपूरचा हवामहाल सवाई प्रतापसिंहाने १७९९ मध्ये बांधवला. रस्त्यावरून त्याचे जे चित्र आपण पाहतो ती वस्तुतः त्या इमारतीची पाठ होय. आत जावयाचे तर वळसा घालून राजवाड्याच्या अंगाने जावे लागते. तेथेही पाठीवर झरोके, आणि झरोक्यांमागे स्त्रिया. परंतु जाळी आणि काच ह्यांच्यांतील भेद मोठा आहे. जाळी वारा आत घेते आणि आतील माणसास लपवते. काच वारा अडवते आणि आतील माणसास दाखवते. जयपूरच्या राणीस पाहता येई, पण तिला कोणी पाहू शकत नसे. कोरुन्याची गृहिणी गॅलरीत शिवणकाम घेऊन बसली की बंदरावरचा खलाशी तिला पाहू शके, तीही त्याला पाही. एका शतकाच्या अंतरात पाठीमागची स्त्री उजेडात आली, असे एक सुंदर वाक्य माझ्या मनात तयार होऊ लागले होते.

सुदैवाने ते वर्गापर्यंत पोहोचण्यापूर्वी एमिलिया पार्दो बासान ह्या लेखिकेची आठवण झाली. ती १८५१ मध्ये ह्याच गावी जन्मली. १८८३ मधील तिच्या 'ला त्रिबुना' ह्या कादंबरीत हेच गाव 'मारिनेदा' ह्या नावाने येते, आणि तिची नायिका तंबाखूच्या कारखान्यात काम करणारी मुलगी आहे. ह्या गावच्या त्या कारखान्यात हजारो स्त्रिया राबत होत्या. गॅलरीतील ऊब त्यांच्यासाठी नव्हती. ती ज्यांच्या घराला पाठ होती त्यांच्यासाठी होती. तेव्हा काचेने स्त्रियांस उजेडात आणले हे म्हणणे जितके खरे, तितकेच कोणत्या स्त्रियांस हे विचारणेही जरूर आहे.

मालकीणबाई गालिसियन बोलत. ती पोर्तुगीज भाषेची सख्खी बहीण. दुसऱ्या दिवशी पावसाची सर आली तेव्हा त्यांनी आतून ओरडून काही सांगितले आणि त्यात मला 'शनेला' हा शब्द ऐकू आला. मी न विचारताच उठून खिडकी लावली. माझे आजोळ गोव्याचे. लहानपणी पावसाळ्यात आजी आतून हाक मारी, "जनेल धांप गो!" पोर्तुगीज 'जनेला' कोकणीत 'जनेल' होऊन आमच्या घरात नांदत होती, तिची गालिसियन बहीण मला येथे भेटली.

पण आजीच्या जनेलास काच नव्हती. तिच्या चौकटीत लाकडी पट्ट्यांमध्ये पातळ शिंपले बसवलेले होते. युरोपातून काच आणावी तर महाग, आणि वाटेत फुटण्याची भीती. शिंपला खाडीत होता. एका जातीच्या चपट्या कालवाचे कवच घासून इतके पातळ करीत की त्यातून उजेड यावा पण आरपार काही दिसू नये. कोरुन्यात ऊन भिकेसारखे मिळते म्हणून तावदान ते ओंजळीत धरते. गोव्यात ऊन उतू जाते म्हणून शिंपला ते गाळून घेतो. दुपारी त्या खोलीत दुधात पाणी घातल्यासारखा उजेड पडे. आजी माजघरात त्या उजेडात तांदूळ निवडी. तिने आयुष्यभर त्या खिडकीतून बाहेरचे काही पाहिले नाही, कारण तीतून पाहता येतच नव्हते. पाहावयाचे असले तर ती परसदारी जाई. तेथे वड्याचा काठ होता, कोळिणी येत, गावच्या बातम्या तेथेच कळत. पुढच्या दारी आजोबा वर्तमानपत्र वाचीत. पण घरात आधी काय कळले असेल तर ते परसदारी.

निघण्याच्या दिवशी सकाळी पाऊस होता. मालकीणबाईंनी गॅलरीत दोरी बांधून चादरी वाळत घातल्या होत्या. मी पुढच्या दाराने, म्हणजे खऱ्या पुढच्या दाराने, खाली उतरलो. रिएगो दे आग्वाच्या ओल्या फरशीवर कोणी नव्हते. बोळातून पलीकडे छत्र्या धरून उभे असलेले प्रवासी दिसत होते आणि त्यांचे कॅमेरे वर वळलेले होते.

घरी आल्यावर वर्गात दाखवण्याचे ते चित्र मी भिंग घेऊन पाहिले. डावीकडून चौथ्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, तावदानांच्या आत काहीतरी पांढरे लोंबते आहे. वीस वर्षे मी ते उन्हाचे प्रतिबिंब समजत होतो.