शटरवरची लक्ष्मी

मनोरीच्या आमच्या जुन्या घरात रविवर्म्याच्या लक्ष्मीची छापील तसबीर होती. आजीने तिच्या पातळावर जर, टिकल्या, खोटे मोती चिकटवून मूळ चित्र जवळजवळ बुजवले होते. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि अशा तसबिरी घरोघरी गेल्या. छापणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले. टिकल्या लावणाऱ्या बायकांचे कोण लिहिणार?

घाटकोपरच्या अतुल दोडिया यांच्या ‘महालक्ष्मी’ने मला ही तसबीर पुन्हा आठवली. दुकानाच्या लोखंडी शटरवर त्यांनी एनॅमल रंगात लक्ष्मी रंगवली, अगदी कॅलेंडरी थाटाची. शटर वर सरकवले की आत गळफास घेतलेल्या तीन बहिणी. मागे हुंड्याची कहाणी. याला नुसता उपरोध म्हणणे मला तोकडे वाटते. शटर आहे म्हणून दोन्ही चित्रे एकाच वेळी पुरती दिसत नाहीत. आतले पाहायचे तर देवी गुंडाळावी लागते.

आजीचे लग्नातले सोने कुठे गेले, हा विषय घरात कुणी काढत नसे. देवीच्या गळ्यात मात्र मोत्यांचे पाच पदर. त्यांतला एक आता गळून पडला आहे. त्याखालचा रंग अजून ताजा आहे.