ओट्याखालचा इतिहास

दिवाळी दहा दिवसांवर आली की आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत प्रत्येक दाराबाहेर जुने डबे, फुटक्या बरण्या आणि हताश नवरे दिसू लागतात. गेली पंचेचाळीस वर्षं मी या प्रकारातून शिताफीनं सुटत आलो होतो. माझं खातं म्हणजे पंखे पुसणं आणि माळ्यावरच्या वस्तू खाली काढून त्याच पुन्हा वर ठेवणं. ओट्याखालच्या कपाटांशी माझा कधी संबंध आला नव्हता. यंदा मात्र हिचे गुडघे संपावर गेले आणि डॉक्टरांनी तिला उकिडवं बसायची बंदी केली.

"अहो, तुम्हाला इतिहासाची आवड ना?" ही म्हणाली. "पानिपतावर तीन-तीन तास बोलता. आता जरा ओट्याखाली शिरा. तिथंही बरंच जुनं सापडेल."

पुढचे विचार मला जमिनीवर पालथं पडून, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात सोड्याच्या पाण्यात पिळलेलं फडकं अशा अवस्थेत सुचलेले आहेत. वाचकांनी ते त्या उंचीवरून वाचावेत.

पहिली गोष्ट म्हणजे, ओट्याखालचं कपाट आपल्याकडे फार जुनं नाही. गिरगावात चाळीतल्या दोन खोल्यांत मी वाढलो, तिथं आई बसून स्वयंपाक करायची. शेगडी जमिनीवर, पाट जमिनीवर, मोरी दोन हातांवर. सामानाला भिंतीतलं फडताळ. फळीवर पितळी डबे, मोठ्यापासून लहानापर्यंत, शाळेतल्या रांगेसारखे उभे. दूध-तुपाला जाळीचं कपाट आणि त्याचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत. मुंगीला समुद्र ओलांडल्याशिवाय सायीपर्यंत पोचता येत नसे. सगळं डोळ्यांसमोर. धूळ बसली की दिसायची आणि दिसली की आई पुसायची. 'किचनची साफसफाई' असा वेगळा सण नव्हता.

बाई उठून उभी राहिली ती गॅसमुळे. १९५५ च्या सुमारास मुंबईत 'बर्शेन'चे सिलिंडर आले. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी, म्हणून ओटा हवा. चाळीत ओटा घालायचा तर झोपायचं कुठं, असा प्रश्न. पण तोवर उपनगरं तयार होत होती. १९५७ साली बोरिवली आणि मुलुंड मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली, १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा झाला, १९६३ चा ओनरशिप फ्लॅटचा झाला, आणि गिरगाव-दादरची मंडळी ट्रंका, पाळणे आणि देव्हारे घेऊन अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली अशी पांगली. आम्ही १९७३ साली इथं आलो. काळ्या कडप्प्याचा ओटा बघून आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं. ती प्रथमच उभ्यानं पोळ्या लाटू लागली, आणि तिच्या पायाशी एक अंधार तयार झाला.

त्या अंधारात कडप्प्याचे कप्पे होते. आधी त्यांच्यावर स्प्रिंगच्या तारेला अडकवलेला फुलाफुलांचा पडदा आला. मग सुतार आला, आणि तीन दिवसांचं काम तीन आठवड्यांत करून त्यानं प्लायवूडची दारं बसवली. वर सनमायका. ही सनमायकाची मंडळी मूळची वीजखात्यातली. १९१२ साली अमेरिकेत दोन इंजिनियरांनी विजेच्या यंत्रांना अभ्रकाऐवजी चालेल असं आवरण शोधलं. अभ्रक म्हणजे मायका, आणि 'फॉर मायका' म्हणून नाव पडलं फॉर्मायका. करंट अडवायला काढलेली वस्तू पुढं फोडणी अडवायला लागली.

फोडणी मात्र अडत नाही. तेलाचे बारीक कण दारांवर बसतात, उष्णतेनं आणि हवेनं घट्ट होतात, आणि त्यांचं चिकट व्हार्निश होतं. ते नुसत्या पाण्यानं ढिम्म हलत नाही. कोमट पाणी, साबण, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि वीस मिनिटांचा धीर लागतो. फडकं घट्ट पिळलेलं हवं, कारण सनमायकाच्या कडेतून पाणी आत गेलं की प्लायवूड फुगतं. मग कोरडं फडकं आणि दुपारभर दारं उघडी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मरोळला तळमजल्यावरच्या मावशीकडे कमरेइतकं पाणी आलं होतं. तिच्या कपाटांची नवीकोरी दारं अशी फुगली की दार म्हणून उघडेनात आणि भिंत म्हणून उभी राहीनात. कडप्पा धुतला, पुसला आणि त्यावर त्याच संध्याकाळी चहाचे कप मांडले.

आता ही बंद कपाटांची कल्पना कुणाची? मुळाशी गेलं तर जर्मनी लागतं. १९२६ साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुशिल्पी बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वस्त्यांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. लांबी सुमारे ३.४ मीटर, रुंदी १.९. म्हणजे आमच्या बोरिवलीच्या बिल्डरला बघून भरून यावं असं माप. घड्याळ लावून त्यांनी बाईची पावलं मोजली आणि ती वाचतील अशी कपाटं भिंतीला ठोकून दिली. पीठ-साखरेला नावं घातलेले ॲल्युमिनियमचे खण. रंग निळा, कारण माश्या निळ्यावर बसत नाहीत असा तेव्हा समज होता. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसली. बाई मोठ्या धीराच्या. हिटलरच्या विरोधात काम केलं म्हणून चार वर्षं तुरुंगात काढली, आणि १०३ वर्षांच्या व्हायला पाच दिवस उरले असताना २००० साली वारल्या. आपण हे स्वयंपाकघर आखलं तेव्हा आपल्याला स्वयंपाक येत नव्हता, हेही त्यांनी मोकळेपणानं सांगितलं होतं.

इथवर विचार पोचला आणि बॅटरीच्या उजेडात बिजागरीच्या फटीतून दोन मिश्या बाहेर आल्या.

या लहान तपकिरी झुरळाला जगभर 'जर्मन झुरळ' म्हणतात. १७६७ साली लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञानं त्याला तसं नाव दिलं आणि बिचारे जर्मन अडीचशे वर्षं बदनाम झाले. २०२४ साली १७ देशांतल्या २८१ झुरळांची जनुकं तपासली गेली, तेव्हा कळलं की हा प्राणी सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारतात किंवा म्यानमारमध्ये माणसाच्या घरात राहायला आला आणि मग व्यापाऱ्यांच्या सामानातून जगभर गेला. म्हणजे झुरळ आपण जर्मनीला दिलं आणि कपाट जर्मनीनं आपल्याला. दोघांची गाठ अखेर बोरिवलीत, आमच्या ओट्याखाली पडली.

त्यावर उपाय हिचाच. बोरिक पावडर, कणीक आणि साखर यांच्या गोळ्या फटीत ठेवायच्या, मुलांच्या हाती आणि डब्यांच्या जवळ येणार नाहीत अशा. कोरडी पावडर अंगाला लागली तरी भागतं, कारण झुरळ आपल्या मिश्या आणि पाय चाटून साफ ठेवतं आणि त्यातच मरतं. स्वच्छतेपायी जीव जाणारा घरात मी एकटाच नाही, हे कळून बरं वाटलं.

सगळ्यांत खालच्या कप्प्यातले कागद काढता काढता तळाशी एक पिवळा पडलेला पेपर लागला. जून १९८३! कपिलदेवच्या हातातला वर्ल्ड कप कसरीनं खाल्ला होता, हात तेवढे उरले होते. मी पडल्या पडल्या वाचायला लागलो.

"वाचताय ना?" वरून आवाज आला. हिला कसं कळतं कोण जाणे. "तो फेकायचा नाही. दरवर्षी बाकीचे बदलते आणि तो परत घालते."

"कपिलदेवसाठी?"

"छे! त्या रात्री तुम्ही सगळे आणि शेजारचे, अकरा माणसं टीव्हीपुढं बसला होता. मी इथं चहा करत होते, तीनदा. शेवटची विकेट मला आरड्यावरून कळली. म्हटलं, राहू दे इथं. आपण होतो याचा काहीतरी पुरावा."

मी काही बोललो नाही. पालथं पडलेल्या माणसाला नाहीतरी फारसं बोलता येत नाही. फ्रँकफर्टच्या बाईंनी पावलं मोजली. वाकणं कुणी मोजलं नाही. मीच हिशेब केला. दिवसातून वीसदा म्हटलं तरी वर्षाला सात हजारांवर जातं. पंचेचाळीसनं गुणायला गेलो आणि मध्येच सोडून दिलं. तिचे गुडघे कुठं गेले, त्याचं उत्तर माझ्या नाकासमोर होतं.

रोजचे डबे मी कमरेच्या उंचीच्या फळीवर मांडले. खाली पाहुण्यांची पातेली तेवढी ठेवली. तो पेपर होता तिथं पसरला, वर नवा कागद घातला आणि ओट्याला धरून कसाबसा उठलो. स्वतःहून चहा टाकला. दोन कप.

हिनं घोट घेतला आणि बॅटरी घेऊन, न वाकता, लांबूनच आत उजेड टाकला.

"मागचा कोपरा राहिलाय," ती म्हणाली.