क्वीनच्या घरातल्या वाटण्या

क्वीनचा सगळ्यात भारी अल्बम कुठला, यावर आमच्या चुलत-मावस भावंडांत आजवर एकमत झालेलं नाही. फ्रेडी मर्क्युरी हा आमच्या घरचाच विषय. झांझिबारला १९४६ मध्ये जन्मलेला हा फारोख बलसारा आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये आला आणि शाळेतल्या 'द हेक्टिक्स' बँडमध्ये पियानो वाजवू लागला. पुण्यापासून पाचगणी शंभरेक किलोमीटर, म्हणजे आमच्या लेखी तो जवळजवळ पुणेकरच!

असो. बहुमत 'अ नाइट अॅट द ऑपेरा'ला (१९७५) आहे. मी 'इन्युएंडो'च्या (१९९१) बाजूने. माझं कारण सुरांइतकंच मागच्या कव्हरवर आहे. गाणं कुणाच्या नावावर?

'ऑपेरा'त प्रत्येक गाण्याचा सातबारा वेगळा. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' फ्रेडीचं, 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' जॉन डीकनचं, 'द प्रॉफेट्स साँग' ब्रायन मेचं, 'आय एम इन लव्ह विथ माय कार' रॉजर टेलरचं. हे टेलरचं गाणं 'ऱ्हॅप्सडी'च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं. रेकॉर्ड ब्रिटनमध्ये ९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली, आणि मागच्या गाण्यालाही पुढच्याइतकेच पैसे मिळाले! मग धुसफूस होणारच. 'हॉट स्पेस'च्या (१९८२) वेळी तर फ्रेडी आणि डीकन डिस्कोकडे ओढत होते, आणि मे-टेलरना ते फारसं रुचत नव्हतं. ती ओढाताण अल्बममध्ये ऐकू येते.

'द मिरॅकल'पासून (१९८९) मात्र सगळी गाणी 'क्वीन'च्या नावावर. फ्रेडीला एड्स झाल्याचं तोवर निदान झालं होतं. 'इन्युएंडो'तही हीच पद्धत. 'द शो मस्ट गो ऑन' हे शेवटचं गाणं मुख्यतः मेने रचलेलं, पण कव्हरवर तसं लिहिलेलं नाही. गायला फ्रेडी, जेमतेम उभं राहण्याइतकी ताकद उरलेली असताना. अल्बम फेब्रुवारीत आला आणि २४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला.

आपल्याकडे माणसं आधी एकत्र राहतात, मग वाटण्या होतात, मग लग्नकार्यातसुद्धा एकमेकांशी बोलत नाहीत. (आपल्या घरच्यांना जास्त सांगायला नको.) या चौघांनी उलटं केलं. आधी वाटण्या, भांडणं, आणि वेळ थोडा उरल्यावर एकच चूल.

'ऑपेरा' जास्त हुशार आहे, हे मला मान्य. पण रात्री एकट्याने ऐकायला मी 'इन्युएंडो'च लावतो.