परळ ते भाईंदर: सेंट्रिफ्यूजचा इतिहास

तपासणीसाठी घेतलेल्या रक्तातून सीरम किंवा प्लाझ्मा वेगळा काढणारे टेबलावरचे यंत्र म्हणजे सेंट्रिफ्यूज. मीरा रोड स्टेशनजवळच्या एखाद्या गाळ्यातली पॅथॉलॉजी लॅब असो किंवा भाईंदर पश्चिमेचे पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, यकृताच्या तपासण्या या सगळ्यांची पहिली पायरी हेच यंत्र असते. पुढची महागडी उपकरणे कितीही अचूक असली, तरी त्यांच्या हाती येणारे सीरम नीट निघालेले नसेल तर रिपोर्ट खरा येत नाही.

रक्त नळीत उभे ठेवले की पेशी जड असल्यामुळे आपोआप तळाशी बसू लागतात, पण त्याला तासन्‌तास लागतात. नळी वेगाने गोल फिरवली की हेच काम काही मिनिटांत होते. मध्यापासून १५ सेंटिमीटरवर ठेवलेली नळी मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर तिच्यातल्या पेशींवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १,५०० पट जोर पडतो. वेग दुप्पट केला की हा जोर चौपट होतो; त्रिज्या दुप्पट केली तर दुप्पटच. म्हणून नुसत्या फेऱ्यांच्या आकड्यावरून दोन यंत्रांची तुलना करता येत नाही. न गोठलेले रक्त फिरवले की तळाशी तांबड्या पेशी, त्यांच्यावर पांढऱ्या पेशी व प्लेटलेट यांचा पातळ थर आणि सर्वांत वर पिवळसर प्लाझ्मा दिसतो. आधी गोठू दिलेल्या रक्तातून मिळते ते सीरम.

हे तंत्र दवाखान्यात आले ते दुग्धव्यवसायातून. १८६४ मध्ये जर्मनीत अँटोनिन प्रांड्टल याने दुधातली साय फिरवून वेगळी करण्याच्या यंत्राची कल्पना मांडली. १८७८ मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल याने सतत चालणारे यंत्र तयार केले. १८९०च्या सुमारास स्वीडनमध्येच ब्लिक्स आणि हेडिन यांनी रक्त फिरवून त्यातल्या पेशींचे प्रमाण मोजण्याची पद्धत बसवली. १९२९ मध्ये अमेरिकेत मॅक्सवेल विंट्रोबने खुणा केलेली नळी आणली. पुढे भारतातल्या मेडिकल कॉलेजांतही विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या रक्तातल्या पेशींचे प्रमाण याच नळीवर मोजायला शिकल्या. लहान प्रयोगशाळांत हाताने फिरवायचे सेंट्रिफ्यूज असे. ते टेबलाच्या कडेला स्क्रूने कसायचे, दात्यांच्या चाकांना जोडलेले हँडल एका लयीत फिरवायचे आणि मग आपोआप थांबू द्यायचे. त्याला वीज लागत नसे आणि लघवीतला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी तेवढा वेग पुरत असे.

मुंबईत प्रयोगशाळेच्या वैद्यकाला जोर आला तो १८९६च्या प्लेगमुळे. वाल्डेमार हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. याच काळात सीरमवर आधारलेल्या तपासण्याही आल्या. टायफॉइडसाठी विडाल १८९६ मध्ये, तर उपदंशासाठी वासरमान १९०६ मध्ये. सेंट्रिफ्यूज नसेल तिथे गोठलेले रक्त ठेवून द्यायचे आणि गाठ आकसून वर सुटलेले सीरम जपून काढून घ्यायचे, एवढाच मार्ग होता. त्यात वेळ जाई आणि सीरमही कमी मिळे.

रक्तगटाच्या कामात तर या यंत्रावाचून भागतच नाही. त्यात तांबड्या पेशी धुवाव्या लागतात. मिठाच्या पाण्यात कालवून फिरवायच्या, वरचे पाणी टाकून द्यायचे आणि हे पुनःपुन्हा करायचे. पेशींना चिकटलेला प्लाझ्मा असा निघून गेला, तरच निकालावर भरवसा ठेवता येतो. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मधून जगापुढे आणलेला ‘बॉम्बे’ रक्तगट ही मुंबईतल्या रक्तगट-संशोधनाची मोठी कमाई. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ गटाचे वाटते. पण त्यात एच हा घटकही नसतो आणि अशा माणसाला ‘ओ’ गटाचे रक्त चालत नाही.

सुरुवातीची विजेवरची यंत्रे ब्रिटन आणि जर्मनीतून येत. १९५७च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीचे परवाने आवळले गेले आणि देशी बनावटीला वाव मिळाला. त्यातून मुंबईच्या ‘रेमी’चे नाव महाविद्यालयांच्या आणि दवाखान्यांच्या प्रयोगशाळांत घरोघरच्या वस्तूसारखे रुळले. या उद्योगाचा कारखाना वसईत, म्हणजे भाईंदरची खाडी ओलांडून नायगावच्या पुढच्याच स्टेशनला.

मीरा-भाईंदर तोवर मिठागरे, भातशेती आणि मासेमारीच्या गावांचा पट्टा होता. १२ जून १९८५ रोजी ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. १९९१ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली वस्ती २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. एवढ्या माणसांची प्रत्येक तपासणी जागेवर करणे छोट्या लॅबला परवडणारे नव्हते. नमुना मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा, तर वाटेत तो बिघडण्याची भीती. पेशी सीरमसोबत राहिल्या तर त्या साखर खात राहतात. साध्या तापमानाला ती तासाला सुमारे ५ ते ७ टक्के घटते. पुढे पेशींतले पोटॅशियम बाहेर झिरपते आणि रिपोर्टमध्ये खोटेच वाढलेले दिसते. साखरेसाठी फ्लोराइडचा बल्ब, म्हणजे नळी, वापरून ही घट बरीच रोखता येते; बाकीच्या बहुतेक तपासण्यांसाठी रक्त वेळेत फिरवून सीरम पेशींपासून अलग करणे हाच उपाय. १९७०च्या दशकात जेल असलेल्या नळ्या आल्या. फिरवताना जेल पेशी आणि सीरम यांच्या मध्ये जाऊन बसतो आणि नळी तशीच प्रवासाला निघू शकते.

याच सोयीवर कलेक्शन सेंटरची पद्धत उभी राहिली. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये थायरॉइड तपासणीचे काम केलेल्या डॉ. ए. वेलुमणी यांनी १९९६ मध्ये ‘थायरोकेअर’ ही तपासणी कंपनी सुरू केली. गावोगावी गोळा केलेले नमुने एका मध्यवर्ती प्रयोगशाळेत आणून तपासायचे, ही तिची रीत. भाईंदरच्या सेंटरवर सकाळी घेतलेले रक्त तिथेच फिरवून बर्फाच्या पिशव्यांसह डब्यात मुंबईला जाते, ते याच रीतीने.

फिरवण्याचे काम सोपे दिसते, पण त्याला शिस्त लागते. साध्या बल्बमधले रक्त आधी अर्धा तास गोठू द्यावे लागते. घाई केली तर सीरममध्ये तंतू धरतात आणि ते पुढच्या यंत्राच्या सुईत अडकतात. प्रत्येक बल्बसमोर तेवढ्याच वजनाचा दुसरा बल्ब हवा. नमुने विषम असतील तर टेक्निशियन एका बल्बात तेवढेच पाणी भरून समोर ठेवतो. तोल चुकला की यंत्र थरथरते, टेबलावर सरकते आणि नळी फुटते. नळ्या फिरवणारा रोटर हाताने थांबवला तर बसलेला थर पुन्हा ढवळतो, शिवाय बोटांनाही इजा होते. रक्त ओढताना किंवा हाताळताना पेशी फुटल्या असतील, तर सीरम लालसर दिसते. असा नमुना टाकून पुन्हा रक्त घ्यावे लागते. जुन्या मोटरींचे कार्बन ब्रश झिजत आणि बदलावे लागत. नव्या यंत्रांत बिनब्रशच्या मोटरी, झाकण उघडताच यंत्र बंद पाडणारी सोय आणि आकड्यांचा टायमर आहे.

आता हिमोग्लोबिन आणि पेशींची मोजणी करणाऱ्या यंत्रांना फिरवलेले रक्त लागत नाही, आणि मोठ्या प्रयोगशाळांत नळी उचलण्यापासून फिरवण्यापर्यंतचे काम स्वयंचलित मार्गिकेवर होते. पण सीरमच्या तपासण्या, लघवीचा गाळ आणि रक्तपेढीतली पेशींची धुलाई यांसाठी टेबलावरचे सेंट्रिफ्यूज कायम आहे. मीरा-भाईंदरसारख्या उपनगरात त्याचे मोल विशेष. रुग्णाला परळपर्यंत न नेता त्याचा नमुना न बिघडता तिथवर पोहोचतो, तो रक्त वेळेत फिरवले गेल्यामुळेच.