मुलाचे राज्य कोणते? घटस्फोट, स्थलांतर आणि अमेरिकी कायद्याची सत्तर वर्षे

समजा एका जोडप्याचा घटस्फोटाचा दावा सुरू आहे. निकाल लागायच्या आत आई मुलांना घेऊन दुसऱ्या राज्यात माहेरी जाते, किंवा वडील मुलाला परस्पर परराज्यात नेतात. आता मुलांचा ताबा कोणाकडे राहावा, हे कोणत्या राज्याच्या न्यायालयाने ठरवायचे? प्रश्न कोरडा, तांत्रिक वाटतो. पण अमेरिकेत त्याचे बऱ्यापैकी समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत विसावे शतक संपत आले होते, आणि तोवर त्याची किंमत मुलांनी मोजली.

या टिपणात आपण तो इतिहास थोडक्यात पाहू. वाचताना एक सूत्र लक्षात ठेवा. ‘मुलाचे हित कशात आहे’ हे ठरवण्याआधी ‘ते कोणी ठरवायचे’ हे पक्के व्हावे लागते. ते पक्के नसेल, तर जो आधी सामान बांधून निघतो त्याचे फावते.

१. एक देश, अनेक कायदे

आपल्याकडे विवाह आणि घटस्फोट हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत आणि त्यांवरचे मुख्य कायदे संसदेने केलेले आहेत. अमेरिकेत तसे नाही. तिथे कुटुंबविषयक कायदा हा प्रामुख्याने राज्यांचा विषय आहे. प्रत्येक राज्याचा घटस्फोटाचा कायदा वेगळा आणि त्याचा अर्थ लावणारे सर्वोच्च न्यायालयही वेगळे. नेवाडा राज्याने १९३१ साली घटस्फोटासाठी लागणारी वास्तव्याची अट सहा आठवड्यांवर आणली, तेव्हा देशभरातले लोक रीनो शहरात येऊन राहू लागले आणि घटस्फोट घेऊन परत जाऊ लागले.

एका राज्याच्या निवाड्याला दुसऱ्या राज्याने मान द्यावा, असे अमेरिकी राज्यघटनेचे चौथे कलम सांगते. पैशाच्या दाव्यात हे सोपे असते, कारण तो निवाडा अंतिम असतो. मुलाच्या ताब्याचा आदेश मात्र कधीच पूर्णपणे अंतिम नसतो. मूल वाढते, आईवडिलांची परिस्थिती बदलते, म्हणून आदेशात बदल करण्याची सोय ठेवावी लागते. ही सोय शहाणपणाची आहे, पण पळवाटही तिच्यातूनच निघाली. ‘परिस्थिती बदलली आहे’ असे म्हणून दुसऱ्या राज्याचे न्यायालय तोच प्रश्न नव्याने उघडू शकत होते.

१९४७ सालचा हाल्वी खटला पाहा. पत्नी १९४४ मध्ये न्यूयॉर्कमधले घर सोडून मुलासह फ्लोरिडाला गेली आणि पुढच्या वर्षी तिने तिथे घटस्फोटाचा दावा लावला. निवाड्याच्या आदल्या दिवशी पतीने तिला न कळवता मुलाला न्यूयॉर्कला परत आणले. फ्लोरिडाने ताबा आईला दिला. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ताबा आईकडेच ठेवला, पण वडिलांना मुलाला भेटण्याचे हक्क देऊन त्या आदेशात बदल केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा बदल मान्य केला. ज्या आदेशात फ्लोरिडा स्वतः बदल करू शकते, त्यात न्यूयॉर्कनेही करायला हरकत नाही, असा त्याचा तर्क होता.

सहा वर्षांनी, १९५३ मध्ये, मे विरुद्ध अँडरसन हा खटला आला. कुटुंब विस्कॉन्सिनमधले. वैवाहिक तणावामुळे आई १९४६ च्या डिसेंबरात मुलांना घेऊन ओहायो राज्यातल्या लिस्बन गावी आली आणि तिने परत न जाण्याचे ठरवले. वडिलांनी विस्कॉन्सिनमधून घटस्फोट आणि मुलांचा ताबा मिळवला आणि मुले परत नेली. १९५१ मध्ये मुले आईकडे भेटीला आली, तेव्हा तिने ती परत पाठवायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की विस्कॉन्सिनच्या न्यायालयाला आईवर व्यक्तिगत अधिकार नव्हता, म्हणून तो आदेश ओहायोवर बंधनकारक नाही.

या दोन निकालांपैकी प्रत्येकाला स्वतःचा तर्क आहे, हे ध्यानात घ्या. मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. तिथे आम्ही सांगतो, की प्रत्येक भाग आपल्यापुरता बरोबर चालला म्हणजे सगळी प्रणाली बरोबर चालेलच असे नाही. इथे नेमके तेच झाले. दोन्ही निकाल एकत्र वाचणाऱ्या पालकाला संदेश मिळाला तो असा: निकाल विरोधात गेला तर राज्य बदला आणि पुन्हा दावा लावा.

२. सहा महिन्यांचा नियम

या गोंधळावर उपाय म्हणून १९६८ मध्ये मुलांच्या ताब्यासंबंधी अधिकारक्षेत्राचा एक आदर्श मसुदा तयार झाला. राज्यांसाठी समान कायद्यांचे मसुदे तयार करणारी एक राष्ट्रीय परिषद अमेरिकेत आहे. मसुदा ती करते, पण तो स्वीकारायचा की नाही हे प्रत्येक राज्याचे विधिमंडळ ठरवते. या मसुद्यामागे विधी-प्राध्यापिका ब्रिगिट बोडेनहायमर यांचे मोठे काम होते.

मसुद्यातली मध्यवर्ती कल्पना होती ‘गृहराज्य’. दावा दाखल होण्याच्या लगेच आधी मूल सलग किमान सहा महिने पालकाबरोबर ज्या राज्यात राहिले, ते त्याचे गृहराज्य. आईचे मूळ गाव कोणते, वडिलांची मालमत्ता कुठे, लग्न कुठे झाले, यांवर ते ठरत नाही. मूल जिथे राहते तिथेच त्याची शाळा, डॉक्टर, शेजारी असतात. साक्षीपुरावाही तिथेच मिळतो. आणखी एक महत्त्वाची तरतूद होती. मुलाला बाहेर नेले गेले आणि दुसरा पालक तिथेच राहत असला, तर पुढचे सहा महिने गृहराज्याचे दार त्याच्यासाठी उघडे राहते. त्यामुळे गुपचूप निघून जाण्याचा फायदा बराच कमी झाला.

तरीही एक फट राहिली. ‘गृहराज्य’ आणि ‘मुलाशी महत्त्वाचा संबंध असलेले राज्य’ या दोन्ही आधारांना मसुद्यात जवळपास सारखेच स्थान होते. त्यामुळे दोन राज्ये एकाच वेळी ‘अधिकार आमचा’ म्हणू शकत. १९८० मध्ये अमेरिकी काँग्रेसने पालकांकडून होणारे मुलांचे अपहरण रोखण्यासाठी केंद्रीय कायदा केला आणि गृहराज्याला अग्रक्रम दिला. पण दोन राज्यांचे आदेश परस्परविरोधी असतील, तर या कायद्याच्या आधारे पालकाला थेट केंद्रीय न्यायालयात दावा लावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये थॉम्पसन खटल्यात स्पष्ट केले. वाद शेवटी राज्यांनाच सोडवावा लागणार होता.

म्हणून १९९७ मध्ये दुसरा, अधिक काटेकोर मसुदा आला. त्यात गृहराज्य आधी आणि बाकीचे आधार नंतर, असा क्रम लावला गेला. एका राज्याने रीतसर पहिला आदेश दिला, की मूल किंवा कोणी एक पालक तिथे राहत आहे तोवर त्यात बदल करण्याचा अधिकार साधारणपणे त्याच राज्याकडे राहतो. दोन राज्यांत एकाच वेळी दावे आले, तर न्यायाधीशांनी एकमेकांशी संपर्क साधावा, अशीही तरतूद झाली. आज मॅसॅच्युसेट्स वगळता सर्व राज्यांनी हा कायदा स्वीकारला आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये जुन्या पद्धतीचा स्वतंत्र कायदा आहे.

३. पळवणे वेगळे, जीव वाचवणे वेगळे

इथे थांबून स्वतःला एक प्रश्न विचारा. मुलांना घेऊन राज्य सोडणारी प्रत्येक व्यक्ती दुसऱ्या पालकाला टाळण्यासाठीच निघते का? मारहाणीला कंटाळून रात्रीतून घर सोडणारी आई परवानगीची वाट पाहत बसू शकत नाही. केवळ ‘आधी कोण पळाले’ एवढेच कायद्याने पाहिले, तर तो तिला पुन्हा त्याच दारात नेऊन उभे करील.

१९९७ च्या मसुद्यात याचा विचार आहे. मुलाला, त्याच्या भावंडाला किंवा पालकाला मारहाण किंवा तिची धमकी असेल, तर मूल ज्या राज्यात पोहोचले आहे तेथील न्यायालय तातडीचा तात्पुरता आदेश देऊ शकते. खटला कोणत्या राज्यात चालवणे सोयीचे, हे ठरवतानाही कौटुंबिक हिंसाचाराचा विचार करावा लागतो. मात्र ‘तात्पुरता’ हा शब्द विसरू नका. आधीचा आदेश दुसऱ्या राज्याचा असेल, किंवा तिथे दावा सुरू असेल, तर पुढचा निर्णय सहसा त्याच राज्यात होतो. संरक्षण आणि अधिकारक्षेत्र यांच्यात काढलेली ही तडजोड आहे. ती प्रत्येक पीडितेला पुरेशी पडतेच असे म्हणता येणार नाही.

४. उघडपणे परवानगी मागितली तर?

आतापर्यंत आपण न विचारता निघालेल्यांबद्दल बोललो. पण आई न्यायालयात येऊन म्हणाली, ‘मला दुसऱ्या राज्यात नोकरी मिळाली आहे, मुलांना घेऊन जाऊ द्या’, तर? दावा सुरू असतानाच्या काळाबद्दल कॅलिफोर्नियाचा नियम स्पष्ट आहे. तिथे घटस्फोटाच्या समन्सबरोबरच दोन्ही पक्षांवर बंधन येते: दुसऱ्या पक्षाची लेखी संमती किंवा न्यायालयाचा आदेश नसेल, तर अल्पवयीन मुलांना राज्याबाहेर न्यायचे नाही.

घटस्फोटानंतरच्या स्थलांतराचा प्रश्न जास्त अवघड आहे. न्यू जर्सीचा प्रवास त्यासाठी अभ्यासण्यासारखा आहे. तेथील कायद्यानुसार विभक्त पालकांच्या, त्या राज्यात जन्मलेल्या किंवा पाच वर्षे राहिलेल्या मुलांना संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या परवानगीशिवाय राज्याबाहेर नेता येत नाही. १९७६ च्या डोनोफ्रिओ निकालात न्यायालयाने पाहिले, की स्थलांतराने आई आणि मुले यांच्या नव्या कुटुंबाचे खरोखर भले होईल का आणि वडिलांच्या भेटींची पर्यायी सोय लावता येईल का. २००१ च्या बॉरेस निकालाने वाट आणखी सोपी केली. मुलांचा मुख्य सांभाळ करणाऱ्या पालकाचा हेतू प्रामाणिक असेल आणि मुलांचे नुकसान होणार नसेल, तर परवानगी मिळू लागली.

यामागे एक न्याय्य युक्तिवाद होता. मुलांचा ताबा नसलेला पालक उद्या कुठेही राहायला जाऊ शकतो, त्याला कोणी अडवत नाही. मग रोजचा सांभाळ करणाऱ्या पालकालाच, म्हणजे बहुतेक वेळा आईला, एका राज्यात का बांधून ठेवायचे? शिवाय आईचे आयुष्य सावरले तर मुलांचेही सावरते, असे त्या काळच्या काही मानसशास्त्रज्ञांचे मत होते. मानसशास्त्रज्ञ ज्यूडिथ वॉलरस्टीन यांनी १९९६ च्या कॅलिफोर्नियातील बर्जेस खटल्यात अशीच भूमिका मांडली होती. तो खटला अवघ्या चाळीस मैलांच्या स्थलांतराचा होता, आणि निकाल आईच्या बाजूने लागला.

पुढे २००३ मध्ये अ‍ॅरिझोनातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घटस्फोटानंतर पालकांपैकी एक जण दूर गेला होता, अशा विद्यार्थ्यांची स्थिती काही बाबतींत कमी चांगली दिसली. पण इथे सावध राहा. जी कुटुंबे दूर जातात, त्यांच्यात आधीपासूनच भांडणे किंवा पैशाची ओढाताण जास्त असू शकते. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही.

२०१७ मध्ये बिस्बिंग खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने बॉरेसची कसोटी सोडून दिली. आई जुळ्या मुलींना घेऊन युटा राज्यात गेली होती. या विषयावर संशोधकांचे एकमत झालेले नाही, हे न्यायालयाने नोंदवले. म्हणून ताबा दोघांमध्ये वाटलेला असेल तिथे कोणत्याही पालकाला आधीच झुकते माप न देता प्रत्येक मुलाचे हित स्वतंत्रपणे तपासावे, असे त्याने ठरवले. ही कसोटी अधिक न्याय्य आहे, पण तिची एक अडचण आहे. निकाल काय लागेल याचा अंदाज बांधता येत नाही, आणि नोकरीचा प्रस्ताव हातात असलेल्या आईला महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते.

५. आपल्याकडे काय?

भारतात मुख्य कायदे केंद्रीय असल्याने राज्य बदलून कायदाच बदलण्याचा फायदा तितकासा मिळत नाही. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम ९ नुसार, पाल्य जिथे ‘सामान्यतः राहतो’ तेथील जिल्हा न्यायालयाला पालकत्वाच्या अर्जाचा अधिकार असतो. अमेरिकेच्या गृहराज्याशी ही कल्पना मिळतीजुळती आहे, पण इथे सहा महिन्यांसारखे ठरावीक माप नाही. दावे दोन राज्यांत विखुरले, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालय दावा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वर्ग करू शकते. माहेरी राहणाऱ्या अनेक स्त्रिया असा अर्ज करतात.

खरा पेच येतो तो देशाच्या सीमेवर. १९८६ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये राहणाऱ्या एका भारतीय वडिलांनी मुलाला परस्पर भारतात, पुण्याला आणले. ताबा मिशिगनच्या न्यायालयाने आईला दिलेला होता. आईने आपल्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि एलिझाबेथ दिनशॉ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात मुलाला आईकडे सोपवण्याचा आदेश झाला. मात्र २०१७ च्या नित्या आनंद राघवन खटल्यात न्यायालयाने सांगितले, की परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घ्यायचा एक घटक आहे, निर्णायक ठरते ते मुलाचे कल्याण.

पालकांनी देशाबाहेर नेलेल्या मुलांना परत पाठवण्याविषयीचा १९८० चा हेग करार भारताने स्वीकारलेला नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये तो स्वीकारण्याची शिफारस केली होती. हिंसेमुळे परदेशातून माहेरी आलेल्या स्त्रियांना मुलांसह परत जावे लागेल, हा त्यावरचा प्रमुख आक्षेप आहे. म्हणजे वरच्या तिसऱ्या भागातलाच प्रश्न इथे मोठ्या नकाशावर पुन्हा उभा राहतो.

समारोप

या सत्तर वर्षांत कायद्याने एक प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला: न्याय कुठे मागायचा. दुसरा, म्हणजे जावे की राहावे, तो कोणत्याही सूत्रात बसवता आला नाही आणि कदाचित येणारही नाही. पण पहिला सुटल्यामुळे दुसऱ्याची चर्चा निदान दोन्ही पालकांसमोर, एकाच ठिकाणी होऊ शकते. तुम्ही वकील व्हा, अभियंता व्हा किंवा प्रशासक, चांगल्या नियमाची ही ओळख लक्षात ठेवा: घाई करणाऱ्याला तो बक्षीस देत नाही, आणि संकटात असलेल्याला अडवत नाही.

विचारासाठी प्रश्न

१. सहा महिन्यांऐवजी दोन वर्षांची अट ठेवली असती, तर कोणाचा फायदा आणि कोणाचे नुकसान झाले असते?

२. ‘आधीच झुकते माप देणारा नियम’ आणि ‘प्रत्येक मुलाचा स्वतंत्र विचार’ यांतला कोणता पर्याय तुम्ही निवडाल? निवडलेल्या पर्यायाचा एक तोटाही लिहा.

३. भारताने हेग करार स्वीकारायचा झाल्यास हिंसाग्रस्त पालकासाठी कोणती तरतूद असावी? पाच-सहा वाक्यांत मसुदा करा.